मणक्याच्या दुखापतीनंतर शरीरसंबंध, सुख आणि मूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोळा वर्षं व्हीलचेअरवर आहे. आंब्याच्या झाडावरून पडलो, टी-८ ची, म्हणजे छातीच्या पातळीवरची दुखापत. नव्याने दुखापत झालेल्या लोकांशी बोलण्याचं काम करतो. दिवसा फोन येतात ते उशी कुठली घ्यावी, बेडसोरला काय लावावं, पेन्शनचा फॉर्म कुठे मिळतो यासाठी. रात्री दहानंतर येतात ते मेसेज वेगळे असतात, आणि बहुतेक "एक पर्सनल विचारू का" अशी सुरुवात असते. त्यातलेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस इथून घेऊ नका. पण डॉक्टरांकडे काय विचारायचं, ते इथून नक्की घेऊन जा.

अपघात झाला, कमरेखाली काही कळत नाही. हे सगळं आता संपलं का?

नाही. बदललं. पहिले काही आठवडे, कधीकधी काही महिने, मज्जारज्जू 'शॉक'मध्ये असतो आणि खालच्या सगळ्या प्रतिक्रिया बंद पडल्यासारख्या असतात. त्या काळात जे दिसतं त्यावरून पुढचं ठरवू नका. इच्छा मेंदूत असते आणि मेंदूला काही झालेलं नाही. ती काही दिवस जाते, हे खरं. दुःख, झोपेच्या गोळ्या, लघवीची नळी, अंगाला येणारा हॉस्पिटलचा वास, या सगळ्यात कोणाची राहील? पण परत येते. माझी आली तेव्हा मला आधी लाजच वाटली, जणू व्हीलचेअरवरच्या माणसाने असं काही मनात आणणं बरोबर नाही.

रिपोर्टवरच्या टी-६, टी-१०, एल-१ या आकड्यांचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

'टी' म्हणजे छातीमागचा भाग, 'एल' कमरेचा, 'एस' त्याच्याही खालचा, माकडहाडाकडचा; आकडा वाढतो तशी जागा खाली जाते. काही डॉक्टर 'टी' लिहितात, काही 'डी' (डॉर्सल). दोन्ही एकच. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला डोक्यातून येतो : आठवण, कल्पना, समोरचं माणूस. हा संदेश साधारण टी-११ ते एल-२ या भागातून बाहेर पडतो. दुसरा स्पर्शाचा. त्वचेवरचा स्पर्श एस-२ ते एस-४ या अगदी खालच्या भागात जातो आणि तिथूनच परत फिरतो, मेंदूला विचारतसुद्धा नाही. त्यामुळे दुखापत वर असेल, म्हणजे मानेत किंवा छातीच्या पातळीवर, तर डोक्यातला मार्ग तुटतो, पण स्पर्शाचा बहुधा शाबूत राहतो. दुखापत अगदी खाली, मज्जारज्जूच्या टोकाला असेल तर उलट होतं : स्पर्शाचा मार्ग जातो आणि डोक्यातला थोडाफार राहू शकतो.

म्हणूनच अंघोळ घालताना किंवा नळी बदलताना, मनात काही नसताना ताठरता येते. अंघोळ घालायला आई किंवा बहीण असते, आणि दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तशी प्रतिक्रिया आहे. त्यात कुणाचा काही दोष नाही. घरच्यांना एकदा कुणीतरी हे समजावून सांगायला हवं, शक्यतो तुम्ही नाही, फिजिओने.

एक घोळ मात्र लक्षात ठेवा. हाड एल-१ चं मोडलं म्हणजे मज्जारज्जूही एल-१ लाच दुखावला, असं नसतं. मज्जारज्जू एल-१, एल-२ च्या मणक्यापाशीच संपतो, त्यामुळे एल-१ चं हाड मोडलं तर मार नेमका त्या एस-२ ते एस-४ वाल्या टोकाला बसू शकतो. डॉक्टरांना "न्यूरॉलॉजिकल लेव्हल काय आहे, आणि इंज्युरी कम्प्लीट की इनकम्प्लीट" असं विचारा. न्यूरॉलॉजिकल लेव्हल म्हणजे मज्जारज्जू नेमका कुठे दुखावला ते. कम्प्लीट म्हणजे त्याखाली जाणीव-हालचाल काहीच उरलेली नाही, इनकम्प्लीट म्हणजे थोडीफार उरली आहे. एक्स-रेवरचा आकडा पुरत नाही.

स्त्रियांमध्येही हेच दोन मार्ग ओलाव्याच्या बाबतीत काम करतात. फक्त त्यांना हे कुणी सांगत नाही, कारण त्यांना "पाळी येते का" यापुढे कुणी काही विचारतच नाही.

ताठरता येते पण टिकत नाही. मित्र म्हणतो व्हायाग्रा घे.

मणक्याच्या दुखापतीत सिल्डेनाफिल (व्हायाग्रातलं औषध) बऱ्याच जणांना उपयोगी पडतं, विशेषतः दुखापत वर असेल तर. पण मेडिकलमधून परस्पर आणू नका. तुमचं बीपी मुळातच कमी असण्याची शक्यता असते आणि ही गोळी ते आणखी खाली आणते. ट्रान्स्फर करताना, म्हणजे खुर्चीवरून पलंगावर सरकताना, चक्कर येऊन पडलेला एक जण मला माहीत आहे. गोळी घेऊन नुसतं पडून राहिलं तर काही होत नाही, स्पर्श लागतोच. भरपेट तेलकट जेवणानंतर घेतली तर उशिरा लागू पडते.

सगळ्यात महत्त्वाचं : नायट्रेटची औषधं (हृदयविकाराची जिभेखालची गोळी, तसलाच स्प्रे किंवा मलम) आणि ही गोळी एकत्र आली तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं. तुमची दुखापत टी-६ किंवा त्याच्या वरची असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा, कारण अशा दुखापतीत बीपी अचानक चढू शकतं (पुढे सांगतो), आणि त्यावर काही ठिकाणी नायट्रेटच देतात. गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, लाज बाजूला ठेवून. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिल (त्याच जातीची दुसरी गोळी) घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही.

गोळी लागू पडली नाही तर व्हॅक्यूम पंप असतो. त्याची रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि ती लावून झोपून जायचं तर अजिबात नाही. आपल्याला दुखत नाही, म्हणून तर भीती. लिंगात द्यायचं इंजेक्शनही असतं, पण मज्जारज्जूवाल्यांना त्याचा अगदी छोटा डोस पुरतो आणि तो डॉक्टरांकडेच ठरवावा लागतो. कुठल्याही उपायाने चार तासांहून जास्त वेळ ताठरता राहिली तर ती फुशारकीची गोष्ट नाही. तडक कॅज्युअल्टीत जा.

मी बाई आहे. खाली काहीच जाणवत नाही. मग मला सुख कसलं मिळणार?

हा प्रश्न मला फार कमी वेळा येतो. आला तरी बहुतेकदा नवऱ्याच्या फोनवरून.

मज्जारज्जूची दुखापत झालेल्या सुमारे निम्म्या स्त्रियांना परमोच्च सुखाचा अनुभव येऊ शकतो, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. वेळ जास्त लागतो आणि अनुभव आधीसारखा नसतो, इतकंच. अमेरिकेत बॅरी कोमिसारुक आणि बेव्हर्ली व्हिपल यांनी पूर्ण दुखापत असलेल्या स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन काढले. गर्भाशयाच्या मुखाकडून व्हेगस नावाची नस मज्जारज्जूला वळसा घालून थेट मेंदूत जाते, आणि संवेदना त्या वाटेने पोचत असावी, असं त्यांनी दाखवलं.

शरीराने दुसऱ्या जागाही शोधलेल्या असतात. जिथे जाणीव संपते त्या सीमेवरची पट्टी बऱ्याच जणांची फार हळवी होते. मान, कान, स्तन, काखेजवळची त्वचा, तळहात, जे तुमचं असेल ते. एका संध्याकाळी, कुठेही 'पोचायची' घाई न करता, डोळे मिटून जोडीदाराला बोट फिरवू द्या आणि "इथे... नाही... इथे" असं सांगत राहा. पुस्तकी वाटेल, पण आमच्यातल्या कितीतरी जोडप्यांनी पहिल्यांदा याच रात्री एकमेकांना हसवलं आहे. हे पुरुषांनाही लागू आहे.

ओलावा कमी पडला तर पाण्यात विरघळणारी साधी जेली वापरा. इथे एक चूक सर्रास होते : कॅथेटर (लघवीची नळी) घालायची लिग्नोकेनवाली जेली घरात असतेच, तीच वापरतात. ती बधिर करणारी असते, आणि मग ज्याला जाणवतं त्या जोडीदारालाही जाणवेनासं होतं. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेलही नको. तेलाने लॅटेक्स फाटतं.

संबंधाच्या वेळी अचानक डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो.

थांबा. तिथेच थांबा. दुखापत टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर ही ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकते. खालच्या अंगात काहीतरी खुपतंय, मेंदूला कळत नाही, आणि शरीर बीपी वाढवत सुटतं. कारण बहुतेक वेळा भरलेलं मूत्राशय किंवा मुडपलेली नळी असतं. संबंध, वीर्यपतन किंवा प्रसूती यांनीही होतं.

उठून बसा, पाय खाली सोडा. कपडे, पट्टा, पिशवीचा बंद सैल करा. नळी पिळली आहे का बघा, नळीच नसेल तर कॅथेटर घालून लघवी काढा. त्यानेही उतरलं नाही तर दवाखाना गाठा. आणि तिथे एक गोष्ट ठणकावून सांगा. आपलं नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० असतं. मशीनवर १४० आलं की नर्सबाई "नॉर्मल आहे की" म्हणतात. आपल्यासाठी ते नॉर्मल नसतं. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढलं तरी धोका धरायचा. हे चार ओळींत लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. मी ठेवतो.

मधेच लघवी किंवा संडास झाली तर?

होईल एखाद्या वेळी. आधी दोन तास पाणी कमी प्या (नंतर भरून काढा), सुरू करण्यापूर्वी कॅथेटरने मूत्राशय रिकामं करा, आणि पोट साफ करायची वेळ सकाळची असेल तर ती चुकवू नका. गादीवर मेणकापड आणि त्यावर जुना टॉवेल. कायमची फोली (आतच ठेवलेली लघवीची नळी) असेल तरी अडत नाही. पुरुषांनी नळी लिंगाच्या बाजूने मागे दुमडून वरून कंडोम घालायचा, स्त्रियांनी पोटावर किंवा मांडीवर टेपने चिकटवायची. दुमडलेली नळी नंतर लगेच सरळ करायला विसरू नका. इन्फेक्शन असेल तेव्हा मात्र सुट्टी घ्या.

जोडीदाराला हे आधी सांगून ठेवा. झाल्यानंतर सांगण्यापेक्षा फार सोपं पडतं.

पाय आखडतात, स्पॅझम येतात. झोपायचं कसं?

कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. किंवा जोडीदार वर. किंवा व्हीलचेअरवरच, ब्रेक लावून, हाताचा दांडा काढून. घरातला लोड आणि तक्क्या फार कामाला येतात, महागड्या पाचरी उशा आणायची गरज नाही. आधी पाय ताणून घेतले, कोमट पाण्याने अंघोळ केली तर स्पॅझम कमी होतो. बॅक्लोफेन (आखडण्यावरचं औषध) चालू असेल तर ती गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात. काही पुरुषांना वीर्यपतनानंतर कित्येक तास पाय सैल वाटतात, हा फुकटचा फायदा.

नंतर आरशात बसायची जागा आणि माकडहाड बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. बेडसोर बरा व्हायला महिने जातात.

मूल होईल का?

बाईला दुखापत असेल तर : बहुधा हो, आणि न मागता सुद्धा. अपघातानंतर काही महिने पाळी थांबते, मग परत येते. पण पहिली पाळी यायच्या आधी बीज सुटू शकतं, त्यामुळे "पाळीच नाही, मग कसली काळजी" हा हिशोब चुकतो. गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन, बेडसोर, वाढत्या वजनाने अवघड होणारं ट्रान्स्फर, हे सगळं वाढतं. टी-१० च्या वर दुखापत असेल तर कळा जाणवत नाहीत, म्हणून शेवटच्या महिन्यांत तपासणी वरचेवर लागते. सिझेरियनच करावं लागतं असं नाही. मात्र टी-६ च्या वरच्या बाईचं बीपी कळांच्या वेळी चढलं तर ते गरोदरपणातलं बीपी की डिसरिफ्लेक्सिया, हा फरक ओळखणारा डॉक्टर हवा. एपिड्युरल (पाठीतून देतात ती भूल) दिलं तर हा धोका बराच आटोक्यात राहतो. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांना सातव्या महिन्यातच एकत्र बसवा.

पुरुषाला दुखापत असेल तर बहुतेकांना संबंधातून वीर्य बाहेर येत नाही. शुक्राणू असतात, अनेकदा संख्याही ठीक असते, पण त्यांची हालचाल मंदावते. टी-१० च्या वरच्या दुखापतीत खास व्हायब्रेटर लिंगाच्या टोकाला लावून वीर्य मिळवता येतं, आणि ते बऱ्याच जणांना जमतं. टी-६ च्या वर असाल तर पहिला प्रयोग दवाखान्यातच, बीपी मोजत करायचा. तो चालला नाही तर भूल देऊन विजेच्या सौम्य झटक्याने वीर्य काढतात. मग त्याच्या प्रतीवर ठरतं : सोपा उपाय पुरेल की टेस्ट ट्यूब बेबी लागेल.

इथे माझं मत स्पष्ट आहे. काही ठिकाणी पहिल्याच भेटीत वृषणातून सुईने शुक्राणू काढून थेट टेस्ट ट्यूब बेबीचं पॅकेज सांगतात. मला तेच सांगितलं होतं, व्हायब्रेटरचा शब्दही न काढता. "साधा उपाय आधी का नाही?" हे विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर उठा. बसलेले असाल तर चाकं फिरवा. वयाची मर्यादाही ध्यानात असू द्या : २०२१ च्या कायद्यानुसार या उपचारांसाठी स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ लागतं.

मूल नको असेल तर?

कंडोम सगळ्यात सोपा, पण वर्षानुवर्षं रबरी कॅथेटर वापरणाऱ्यांना लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. खाज, पुरळ आली तर बिनलॅटेक्सचा घ्या. नेहमीच्या मिश्र हार्मोनच्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, आणि पाय हलत नसताना तो आधीच जास्त असतो. तांबी चालते, पण ती सरकली किंवा इन्फेक्शन झालं तर दुखून कळणार नाही. सरकारी दवाखान्यातलं 'अंतरा' इंजेक्शन हाडं विरळ करतं, आणि आपली आधीच विरळ होत असतात. 'छाया' गोळीत हार्मोन नसतं, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

मला पोलिओ आहे, मणक्याचा त्रास नाही. माझं काय?

पोलिओने स्नायू जातात, जाणीव जात नाही. इच्छा, ताठरता, पाळी, बीज, वीर्य सगळं जागेवर असतं, आणि मुलांना तो वारशाने जात नाही. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, म्हणजे आजचे पोलिओवाले बहुतेक मोठी माणसं आहेत, लग्नाच्या वयाची किंवा त्यापुढची. तरी "यांना मूल होतं का हो?" हे लग्नाच्या बैठकीत अजून विचारलं जातं. सेरेब्रल पाल्सीतही (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेने येणारं अपंगत्व) जाणीव असते, अडचण आखडलेल्या अंगाची आणि थकव्याची. त्यांनी वरचं उशा-लोडांचं प्रकरण वाचावं.

घरात एकांतच नाही. काय करू?

माझ्या मते निम्मं दुखणं इथेच आहे.

साताऱ्याकडच्या एका घरी गेलो होतो. अपघातानंतर नवऱ्याची खाट सोप्यात आणली होती, कारण भेटायला माणसं येतात, मोरी जवळ आहे, आणि उंबऱ्यावरून खुर्ची आत जात नाही. बायको आत सासूजवळ झोपायची. असं दोन वर्षं. कुणी दुष्ट नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही गेलो, गवंड्याकडून उंबरा फोडून उतार केला, खाट आत नेली आणि दाराला आतून कडी लावली, खाटेवरून हात पोचेल इतक्या खाली. गोळ्या-पंपांच्या आधी ही कडी.

चाळीतल्या एका खोलीत हे जमत नाही, ठाऊक आहे. मग वेळ वाटून घ्या. सासूबाईंचं हरिपाठाला जाणं, मुलांची शाळा. रात्रच असली पाहिजे असं कुठे लिहिलंय? दुपारी अंगात ताकदही जास्त असते.

बायकोच माझी नळी बदलते, संडास काढते. तिला माझ्याबद्दल तसं काही वाटेल का?

कधीकधी नाही वाटत, आणि ते तिने बोलून दाखवलं तर रागावू नका. जमेल तितकी स्वच्छतेची कामं स्वतः शिका. निदान ती कामं आणि जवळीक यांच्यात अंतर राहू द्या. सकाळचं काम मदतनिसाला दिलं तर पैसे जातात, पण बायको बायको राहते.

लग्न झालेलं नाही. हातही नीट चालत नाहीत.

हस्तमैथुन ही तुमची खासगी बाब आहे आणि त्याने आजार होत नाही. हाताची पकड नसेल तर मनगटाच्या पट्ट्याला बसवता येणारी साधनं असतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट चमच्यासाठी जो पट्टा बनवून देतात, त्याच तत्त्वावरची. अशा साधनांबाबत आपल्याकडे धाकधूक असते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सने अडवलेल्या बॉडी मसाजरच्या प्रकरणात, ते अश्लील म्हणून रोखता येणार नाहीत, असं म्हटलं होतं.

लग्नाच्या बोलण्यात किती सांगायचं? आई-वडिलांसमोर काही नाही. ज्याच्याशी लग्न करायचं त्याला एकट्यात सगळं, आणि साखरपुड्याच्या आधी.

मदतनीस नको तिथे हात लावतो. पण त्याच्याशिवाय माझं चालत नाही.

तुम्ही त्याच्यावर अवलंबून आहात म्हणून ते चालवून घ्यायचं नाही. संडास-अंघोळीच्या मदतीत काय येतं आणि काय येत नाही, हे तुम्हाला बरोबर कळतं. विश्वासाच्या एका माणसाला आजच सांगा. ११२ वर किंवा स्त्री असाल तर १८१ वर फोन करता येतो. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या स्त्रीवरचा बलात्कार कायदा अधिक गंभीर धरतो, शिक्षा किमान १० वर्षं. अशा लैंगिक गुन्ह्यांत जबाब नोंदवायला पोलिसांनी तुमच्या घरी यावं लागतं.

घरचे म्हणतात मुलीचं गर्भाशय काढून टाकू, पाळीची कटकट नको.

१९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं अशीच काढली होती, कारणही स्वच्छतेचंच दिलं होतं. तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. आज २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की वंध्यत्व आणणारी कुठलीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवा देण्याची जबाबदारीही याच कायद्याने सरकारवर टाकली आहे. पाळीच्या त्रासावर इतर उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मुलीला घेऊन जा आणि तिच्याशीच बोला.

डॉक्टरांसमोर तोंडातून शब्दच फुटत नाही. काय म्हणू? आणि कुठल्या डॉक्टरांना?

युरॉलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा पुनर्वसनाचे (पीएमआर) डॉक्टर. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर मुख्यतः जवानांसाठी, दिल्लीत वसंत कुंजला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर.

मला डिस्चार्जच्या दिवशी सात पानी कागद दिला होता. त्यात हवेच्या गादीपासून प्रोटीन पावडरपर्यंत सगळं होतं, याबद्दल एक ओळ नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तीन वर्षं गेली. म्हणून आता मी लोकांना चिठ्ठी लिहून न्यायला सांगतो. आत गेल्यावर नुसती टेबलावर सरकवायची, बोलायची गरज नाही. मजकूर एवढाच :

"डॉक्टर, माझी लेव्हल अमुक आहे, कम्प्लीट / इनकम्प्लीट. मला शरीरसंबंधाबद्दल विचारायचं आहे. सोबतच्या नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगा."